आईचा टोमणा, मँचेस्टरच्या लायब्ररीत

नागपूरच्या विमानतळावर आईने माझ्या पर्समध्ये लोणच्याची बाटली कोंबली आणि बाबा एवढंच म्हणाले, "तिथे तोंड मिटून बसू नको." कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मला हे काय सांगता, म्हणून मी हसले होते.

मँचेस्टरला आले आणि तोंड खरंच मिटलं. नवरा हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर, सतत ऑन-कॉल. माझी पदवी सूटकेसमध्ये. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, लायब्ररीत रीडिंग ग्रुप होता, तिथे जायला लागले. सगळ्या इंग्रज बायका. मार्गारेट नावाच्या रिटायर्ड हेडटीचर तो चालवायच्या. मी कोपऱ्यात बसायची, 'लव्हली, थँक यू' म्हणायची आणि ट्रॅम पकडून परत. वर्ग गाजवणाऱ्या बाईची ही गत! हे पुस्तक संपलं की जाणं बंद करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

ते पुस्तक जुन्या काळच्या एका इंग्रज लेखिकेचं होतं. बाई एक नंबरची खवचट. एका प्रसंगात मुलाची आई मुलगी बघायला येते, पडद्यांचं तोंडभरून कौतुक करते, बशा उलटून खालचा कंपनीचा शिक्का बघते, मुलीकडे मात्र ढुंकूनही बघत नाही. लेखिका कुणाला वाईट म्हणत नाही, नुसती गोड गोड लिहीत जाते. ग्रुपमध्ये त्यावर 'तत्कालीन स्त्रीचं स्थान' अशी गंभीर चर्चा चाललेली आणि मला हसू आवरेना. मार्गारेटबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, काय झालं?

मग सांगितलं मी. आमच्याकडे मुलगी बघायला येतात, तेव्हा तिनेच पोहे घेऊन बाहेर यायचं असतं. माझ्या वेळी मी बशा दिल्या तशी होणाऱ्या सासूबाईंनी आईला विचारलं, पोहे मुलीनेच केलेत ना? आई शांतपणे म्हणाली, "हो, म्हणून तर थोडेथोडेच वाढलेत."

सगळ्या काय हसल्या म्हणून सांगू! मार्गारेटबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमची आई या लेखिकेला भारी पडली असती." पुढचं प्रकरण त्यांनी माझ्याच हातात दिलं. मी माझ्या नागपुरी उच्चारांत वाचलं, कुठे चिमटा काढलाय ते दाखवत गेले. इंग्रज बायकांना इंग्रज लेखिकेचा खवचटपणा मी शिकवला! छाती फुगली, खोटं कशाला बोलू? आता तो ग्रुप मीच चालवते.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं इकडे आलेल्यांनो, त्या संध्याकाळनंतर एक गोष्ट नकळत बदलली. पूर्वी मी फोनवर 'घरी कधी येऊ?' विचारायची. परवा तोंडातून निघालं, 'नागपूरला कधी येऊ?' माझ्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं.

"ये की," ती म्हणाली, "फक्त आधी कळव. पाहुण्यांसाठी चांगली चादर काढावी लागते."