घळीतल्या बर्चचं बी

हाल्बेराचं डोकं तापलं की ती ओरडायची नाही, भांडी घासायला घ्यायची. त्या दिवशी वनीकरण मंडळाच्या सभागृहात तिने कॉफीचे धुतलेले कप पुन्हा घासले आणि काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांनी ओळखलं.

बिनसेल नाहीतर काय! गावावरचा डोंगर वाऱ्याने आणि मेंढरांनी पार सोलून काढलेला; उरली ती काळी रेती. आइसलँडात अशी जमीन कमी नाही, पण हा उतार हाल्बेराच्या बापाचा. पलीकडच्या घळीत, मेंढरांचं तोंड पोचत नव्हतं तिथे, बर्चची मोजून चौदा झाडं तगली होती. खुजी, वाकडी, जमिनीला चिकटलेली. सहा वर्षांनी यंदा ती बियांच्या तुऱ्यांनी भरली. पंच्याहत्तरीची हाल्बेरा आठवडाभर गुडघ्यांवर रांगत बी खुडत होती. पुढचा बहर बघायला आपण असू, याचा तिला भरवसा नव्हता.

आणि मंडळाच्या ब्रांदुरने तिची पिशवी शहरातल्या बागांमधून आणलेल्या बियांच्या टबात रिकामी केली. वर हाताने ढवळलंही. बर्च तो बर्च, असं त्याचं म्हणणं. शहरातली झाडं कशी सरळ, उंच, गोरीपान! तीन वर्षांपूर्वी याच गोऱ्यापान झाडांचं बी या उतारावर पेरलं होतं. रोपांनी उन्हाची तिरीप दिसताच पालवी फोडली आणि मे महिन्यात परतलेल्या गारठ्यात ती एकजात करपली. तरी या शहाण्याला अक्कल आली नाही.

"निवडून काढू ना आपण," ब्रांदुर म्हणाला.

"काढ. पिठातून मीठ निवडतात तसं काढ," हाल्बेरा म्हणाली.

घळीच्या अगदी कडेवरची दोन झाडं तिने सोडली होती. तिथवर वाकायला तिची कंबर धजावली नव्हती. तिने कप आपटला आणि त्याला तसंच उठवून घळीवर नेलं.

ब्रांदुर नव्या कोटानिशी कडेवर पालथा पडून तुरे खुडत राहिला. तोंडात रेती गेली तरी हाल्बेराने त्याची विचारपूस केली नाही, फक्त त्याचे घोटे घट्ट धरून ठेवले. मिळालं जेमतेम मूठभर. तिने ते लोकरी मोज्यात भरून गाठ मारली.

"ही झाडं उंच कधी व्हायची?" अंग झटकत त्याने विचारलं.

"होणारच नाहीत. पण मेमध्ये मरणार नाहीत."

त्याने मोजा घ्यायला हात पुढे केला. तिने तो स्वतःच्या स्वेटरच्या आत खोचला.