शिमग्याची बोंब कंपूटरवर

आंबेनळीचा घाट मी जीपनं डोळे मिटून उतरतो. कंपूटरवरचा तो बाण मात्र डोळे फाडून पण जागेवर जात नव्हता.

मेव्हणा मुंबई सोडून आला आणि पोलादपूरला कंपूटरचं दुकान टाकून बसला. मेव्हणीच्या हळदीत सगळ्या मांडवासमोर बोलला, "भावजींना कंपूटर दिला तर हार घालून आरती करतील." मांडव हसला. बायको पण हसली. मला उत्तर सुचलं ते तिसऱ्या दिवशी, कुडपणच्या चढाला जीप घालताना. माझं असंच हाय, तो समोर आला की तोंड बंद.

तेव्हाच ठरवलं, शिमग्याला होळीसमोर त्याच्या नावानं अशी बोंब मारायची की बेणं गावात फिरकणार नाय. सासुरवाडी आमच्याच गावात, होळी एकच. आयत्या वेळी विसरायला नको म्हणून आधी लिवून काढायची, आणि ती पण त्याच्याच कंपूटरवर.

त्याला म्हटलं, शिकव. त्यानं हौसेनं नोटपॅड उघडून दिलं. शाळा मी दुसरीत सोडलेली, अक्षरं एसटीच्या पाट्या वाचून शिकलो. बटनांवर मराठी अक्षरं चिकटवलेली, एकेक हुडकून दाबायचो. महिनाभरात बोट बसलं.

होळीच्या दिवशी जीपला भाडं नव्हतं. सकाळपासनं दुकानात लिवत बसलो. "मुंबईत पार्सलं वाटायचास, हितं सायब झालास." "धामण बघून पेंढ्याच्या उडवीवर चढलास, आईनं शिडी लावून उतरवला." लिवताना पोटात गार वाटत होतं. तो जवळ आला की मी वरच्या कोपऱ्यातली आडवी रेघ दाबायचो. पान गायब. तो गेला की नवीन पान. खालच्या पट्टीवर बारकी खोकी वाढत होती, ती मला नक्षी वाटली.

दुपारी बायको बोलवायला आली. निघताना पाठ करायला बघतो तर एकपण पान सापडंना. शेवटी त्यालाच विचारावं लागलं.

"गेली कुठं भावजी, खाली झोपलीत," म्हणत त्यानं एकेक खोकं दाबलं. सगळी पानं उठून उभी राहिली. त्यानं मोठ्यानं वाचली, माझ्यापेक्षा चांगल्या आवाजात. धामणीला तर गिऱ्हाईकं पोट धरून हसली, तो पण हसला. रात्रीची बोंब दुपारीच संपली, आणि ती पण त्याच्याच तोंडून.

मी खिशात जीपची चावी हुडकू लागलो.

बायको बोलली, "बोंब मारायला पण लिवून लागतं तुमाला? चला, जीप काढा."