लंगडायची सोय नव्हती

मी टपालवाला होतो. गिरगावातल्या वाड्या माझ्याकडे होत्या आणि वय असं होतं की चाळीचा जिना एकेक पायरीने चढणं कमीपणाचं वाटे. सकाळी थैली खांद्यावर घेऊन निघायचो ते दिवस कलेपर्यंत पायांवरच. त्यानंतर तालमीत जाऊन बैठका मारायचो. पाय दुखतात म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी अलिबागकडे माहेरी गेली त्याच सुमारास टाच सुरू झाली. सकाळी अंथरुणावरून उठून उजवं पाऊल जमिनीवर टेकलं की टाचेच्या तळाशी खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंतीला धरून थोडं चाललं की ती बोथट व्हायची. कामाच्या नादात विसरही पडायचा. पण दुपारी कुठे भाकर खायला टेकलो आणि पुन्हा उभा राहिलो की सगळं पहिल्यापासून. वरून पाहिलं तर टाचेला काही नाही. सूज नाही, जखम नाही. त्यामुळे दुसऱ्याला सांगायलाही लाज वाटायची.

आई चुलीत वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायची आणि त्यावर टाच दाबून धर म्हणायची. शेक असेपर्यंत बरं वाटे. वस्तादांनी माझी पोटरी दाबून पाहिली आणि दोरासारखी ताठ झालीय म्हणाले. बैठका त्यांनी बंदच केल्या. भिंतीला हात टेकवून, पाय मागे ठेवून पोटरी ताणायला शिकवलं आणि वर सांगितलं, की हे सगळं ठीक, पण पायाला विसावा दिल्याशिवाय गुण यायचा नाही. विसावा कुठून द्यायचा? रजा मागायला गेलो तर पोस्टमास्तरांनी मान वर न करता विचारलं, की मग गिरगावची पत्रं मी वाटू का?

अशात मांडवीकडे गाठीच्या तापाने माणसं मरू लागल्याचं कानावर आलं. पहिल्यांदा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग शेजारच्या वाडीतून एकाच दिवशी दोन-तीन तिरड्या निघाल्या आणि लोक बोटींनी, आगगाडीने, बैलगाडीने, जमेल तसे मुंबई सोडू लागले. मी पत्र घेऊन जायचो तर दाराला कुलूप. काही दारांवर सरकारी माणसांनी रंगाने गोल काढलेले असत. असा गोल म्हणजे आत माणूस गेलं. आमच्या कचेरीतलेही निम्मे लोक गावी पळाले. परळच्या कचेरीत तर पत्र वाटायला कुणी उरलंच नाही, म्हणून मला दिवसाआड लालबाग-परळलाही पाठवू लागले. जेव्हा टाचेला विसावा हवा होता, तेव्हाच चाल दुप्पट झाली.

पण खरी अडचण वेगळीच होती. प्लेगची गाठ बहुतेकांना जांघेत यायची आणि ज्याला ती यायची तो पाय ओढत चालायचा. त्यामुळे लंगडणारा माणूस दिसला की लोक भिंतीकडे सरकायचे. शोधपथकं घरोघर हिंडत होती. कुणी संशयित सापडला की त्याला छावणीत नेत. पुष्कळदा घरच्यांनाही हलवत आणि अंथरूण-पांघरूण अंगणात जाळून टाकत. नेलेल्यांपैकी परत आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

लालबागला गिरणीकामगारांच्या एका चाळीत मी वरच्या मजल्यावर पत्र घेऊन गेलो. दारातल्या बाईने हात पुढे केला, आणि माझं चालणं पाहून मागे घेतला.

"तुम्ही पाय ओढताय," ती हळूच म्हणाली. "पत्र उंबऱ्यावर ठेवा."

टाच दुखतेय, दुसरं काही नाही, असं मी म्हणालो. तोवर दार लागलं होतं. खाली उतरलो तेव्हा अंगणातली माणसं माझ्याकडे पाहत उभी होती. त्यांच्या नजरेसमोरून फाटकापर्यंत सरळ चालत गेलो. प्रत्येक पावलाला डोळ्यांत पाणी येत होतं.

त्यानंतर आम्ही माझं लंगडणं लपवायला लागलो. चाळ जागी होण्याआधी आई मला उठवायची. दार लावून, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारून मी पाय सैल करून घ्यायचो आणि चाल सरळ झाली की मगच आई दार उघडायची. त्यातच तिच्या ओळखीच्या एका म्हातारीने टाचेला बिब्ब्याचा चटका दिला. टाचदुखी एका चटक्यात जाते म्हणे. ती गेली तर नाहीच, वर टाचेवर मोठा फोड आला, तो फुटला आणि चिघळला.

दोन-तीन दिवसांनी मोरीत अंग धूत असताना माझा हात जांघेपाशी गेला आणि तिथेच थांबला. उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. दाबली तर दुखत होती.

किती वेळ तसा बसलो कोण जाणे. आईने बाहेरून हाक मारली तेव्हा भानावर आलो. तिला सांगितलं. ती म्हणाली, "अवधाण आलंय रे. पायाला फोड झाला की जांघेत अवधाण येतं. माझ्या भावाला आलं होतं." बोलली ती ठामपणे, पण त्या दिवशी काही ना काही निमित्त काढून ती सारखी माझ्या कपाळाला हात लावून बघत राहिली. ताप नव्हता. दर वेळी हात काढताना तिचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा.

आमच्या शेजारच्या खोलीत एका वकिली कचेरीतले कारकून राहत होते. माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. बायको आणि एक लहान मुलगी एवढाच त्यांचा संसार. आमच्या मधली भिंत पातळ होती. पहाटेच्या माझ्या फेऱ्या त्यांना ऐकू गेल्या असणार. एका संध्याकाळी ते आत आले, दार लोटलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "खरं सांग. काय झालंय तुला?"

मी टाच दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली. मग म्हणाले, "जांघ दाखव."

एरवी मी हसलो असतो आणि दाखवलीही असती. आता दाखवण्यासारखी राहिली नव्हती. आई मध्ये पडली, म्हणाली, पोराची शोभा का करता? काका तिच्याकडे बघत राहिले. "माझ्या घरात लेकरू आहे," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथक आलं. सगळ्यांना खाली अंगणात उतरवलं. एक गोरा अधिकारी, काही शिपाई आणि आपल्यातलेच एक डॉक्टर. अंगणात बराच वेळ बसवून ठेवलं, आणि मला घाम फुटला तो तिथे. बसून उठलं की टाच सगळ्यात वाईट असते हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बसलोच नाही. चवड्यांवर वर-खाली होत राहिलो. शिपायाने दंडुका दाखवून बसायला लावलं. मग एकेकाला चालत पुढे यायला सांगू लागले. माझं नाव पुकारलं गेलं. उठलो, पहिलं पाऊल टाकलं आणि गुडघाच वाकला. माझ्या दोन्ही बाजूंची माणसं आपोआप दूर झाली.

आडोशाला नेऊन डॉक्टरांनी काखा पाहिल्या, जांघ पाहिली. गाठ त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी तोंडात काचेची नळी धरायला दिली, ती उजेडाकडे करून पाहिली आणि पुन्हा एकदा पाहिली. ताप नव्हता. मी टाच पुढे केली. ते वाकले आणि फोड बघत राहिले. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते गोऱ्या अधिकाऱ्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलले. अधिकाऱ्याने फक्त मान हलवली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मला वाटतं हे पायाच्या जखमेचं आहे," ते म्हणाले. "पण मला वाटून चालत नाही. तुला वेगळं ठेवावं लागेल. तुझ्या आईला इथेच राहू देतील, एवढं मी मागून घेतलंय."

मी वळून पाहिलं तेव्हा शिपाई आमच्या खोलीतल्या गाद्या गॅलरीवरून खाली टाकत होते. आई जिन्याशी उभी होती. ती रडत नव्हती. तिने मला खूण केली, की पाय टेकताना जपून टेक.

परळच्या बाजूला मोकळ्या जागेत बांबूच्या, झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. संशयितांची झोपडी वेगळी होती, पण संशयिताचा रोगी व्हायला वेळ लागत नसे. माझ्या डाव्या खाटेवरचा कोळी पहिल्या रात्री माझ्याशी वरळीच्या गप्पा मारत होता. दुसऱ्या दिवशी बरळायला लागला आणि त्याला पलीकडे नेलं. उजवीकडचाही गेला. सकाळ-संध्याकाळ काचेची नळी यायची. ती तोंडात असेपर्यंत मी डोळे मिटून घ्यायचो. लावणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची छाती व्हायची नाही.

माझ्या टाचेवर रोज मलमपट्टी होत होती. फोड सुकत आला तशी गाठ लहान होत गेली. मी ती दिवसातून कितीदा चाचपायचो, सांगता येणार नाही. करायला दुसरं काही नव्हतंच. खाटेवर पडून राहायचो. उठलो की खांबाला हात टेकवून वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे पोटरी ताणायची, एवढाच व्यायाम. जो विसावा मला कुणी देत नव्हतं तो असा मिळाला. मृत्यूच्या इतक्या जवळ पडून माझी टाच बरी होत होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. सुटकेच्या दिवशी फाटकाबाहेर आलो आणि गिरगावच्या वाटेला लागलो, तेव्हा कळलं की कळ येतेय, पण खिळ्यासारखी नाही.

आई जिवंत होती, धडधाकट होती. खोली चुन्याने पांढरी केलेली आणि रिकामी. चाळीतलं कुणी आमच्या दाराशी फिरकलं नव्हतं. फक्त काकांच्या बायकोने रोज जेवण आणून उंबऱ्यावर ठेवलं होतं आणि पाणी काकांनी स्वतः भरलं होतं. आईने हे सांगितल्यावर मी आभार मानायला त्यांच्याकडे गेलो.

ते गॅलरीत आले, दार मागे ओढून घेतलं. म्हणाले, "आभार मानू नकोस. पथकाला वर्दी मीच दिली होती."

मला ते थोडंफार वाटलंच होतं. मी म्हणालो, लेकराची काळजी होती, समजतं मला.

"तसं नाही," ते म्हणाले. "मुलगी तापली होती. माळ्यावर कपड्यांच्या गाठोड्यामागे निजवली होती. पथक आज ना उद्या येणारच होतं. मी म्हटलं, त्यांना आधी कुणीतरी सापडू दे."

तसंच झालं होतं. मी सापडलो, माझी खोली रिकामी केली आणि पथक समाधानाने निघून गेलं. पुढच्या खोल्यांत कुणी शिरलंच नाही. मुलीचा ताप साधा निघाला आणि उतरला. दाराच्या फटीतून ती मला दिसत होती. सागरगोटे खेळत होती.

माझ्या डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंच्या त्या रिकाम्या खाटा आल्या. मी एवढंच म्हणालो, "माझी आई एकटी राहिली असती, काका."

"माहीत होतं मला," ते म्हणाले.

त्यानंतर आमचं त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही. मी त्यांना माफ केलं का, हे माझं मलाही नीट सांगता येत नाही. त्यांच्याशी बोलायचं मात्र मी सोडलं नाही. पुढे माझ्या पदरात मूल आलं, त्याला पहिल्यांदा ताप भरला, आणि त्या वेळी माझ्या मनात जे जे येऊन गेलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

टाच लगेच बरी झाली नाही. पोस्टमास्तरांनी मला काही महिने बसून टपालावर शिक्के मारायचं काम दिलं. छावणीतून आलेला माणूस दारोदार पाठवला तर लोक ओरडतील, हे त्यामागचं खरं कारण. वस्ताद अधूनमधून येऊन पोटरी चोळून द्यायचे. वहाणेत टाचेखाली जाड लोकरीचा तुकडा घालायला त्यांनीच सांगितलं. आधी वाडीच्या तोंडापर्यंत, मग ठाकुरद्वारापर्यंत, असं त्यांनी मला लहान मुलासारखं चालायला शिकवलं. एखादा दिवस बरा गेला की मी हुरळून लांब जायचो आणि पुढचा आठवडा कण्हत काढायचो. ते रागावायचे नाहीत. "पाय विसरतो, तू विसरू नकोस," म्हणायचे. पुढच्या साथीत ते स्वतःच गेले. मी त्यांच्या तिरडीमागून सोनापूरच्या स्मशानापर्यंत चालत गेलो आणि चालत परत आलो. टाच दुखली नाही, याचंही त्या दिवशी वाईट वाटलं.

पण ते नंतरचं. बायको बाळाला घेऊन परत आली ती त्याआधी, पावसाळा सरल्यावर. मी तिला आणायला धक्क्यावर गेलो होतो. तिला आम्ही काहीच कळवलं नव्हतं. ट्रंक माझ्या डोक्यावर, मूल तिच्या कडेवर, असे आम्ही गिरगावात आलो. खोलीत शिरताच तिने इकडेतिकडे पाहिलं.

"गाद्या नव्या कशा?" तिने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक खाली ठेवली, मुलाला मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.