चारशे ताटांचं मीठ

वस्तादांना स्वतःच्या पायांची शिसारी आली होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं चुलीपुढे उभे राहिलेले हे पाय आता संध्याकाळपर्यंत टम्म फुगत. बोट दाबलं की खळगा पडे आणि शिळ्या कणकेसारखा तसाच राही. हे आपलंच मांस, या विचाराने ते नजर फिरवत.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हृदय नुसतं रक्त ढकलत नाही, एक रसही सोडतं. जास्तीचं मीठ-पाणी बाहेर टाका, असा तो मूत्रपिंडांना निरोप असतो. वय झालं की हृदय जास्त निरोप धाडतं, पण मूत्रपिंडं पूर्वीसारखी दाद देत नाहीत.

"काका, मीठ कमी करा. ते चाखणंसुद्धा."

चाखणंच गेलं तर नोकरीत उरलं काय? आपल्या जिभेवर कँटीन चालतं, असं ते येईल-जाईल त्याला ऐकवत. दर पातेल्यातला वाटीभर रस्सा ते गिळूनच चाखायचे. थुंकून चाखणाऱ्या आचाऱ्यांना ते माणसात धरत नसत.

दुसऱ्या दिवशी थुंकायला म्हणून त्यांनी घरून एक प्लास्टिकचा मग नेला. रश्श्याचा घोट घोळवून थुंकला. मगात तेलकट लाळ तरंगताना दिसली, तसा त्यांनी तो दूर सारला. नाइलाजाने त्यांनी डाव मदतनीस बाईच्या हातात दिला. बारा वर्षं ती हाताखाली होती, पण तिच्या जिभेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

तिने चाखलं आणि सवयीने अर्धी बादली गरम पाणी पातेल्यात ओतलं. ओतल्यावर तिला भान आलं, की आज वस्ताद इथेच उभे आहेत.

"हे काय?"

"रोजच टाकते, वस्ताद. तुम्ही हात धुवायला गेलात की. सहा वर्षं झाली. खारट होतं फार."

"मग सांगायचं नाही?"

"पहिल्या वर्षी तीनदा सांगितलं." ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुझी जीभ मेलीय."

वस्तादांनी डाव ओढून घेतला आणि एक घोट चाखला. त्यांना तो निव्वळ पाणचट लागला. जेवणाच्या सुट्टीत मात्र चारशे ताटं रोजच्यासारखी चाटूनपुसून परत आली. खिडकीशी उभं राहून त्यांनी ती सगळी पाहिली. आता किळस पायांची नव्हती, तोंडातल्या या मुजोर जिभेची होती.

थुंकीचा तो मग त्यांनी मोरीत रिकामा केला, घासून पालथा घातला. संध्याकाळच्या पातेल्यापाशी मिठाचा डबा उघडून ते बाईकडे वळले.

"किती घालू?"