एकोणीस सांगितलेलं वय

मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी परवा माझी टीसी लागली. आईच्या पेटीतून ती काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी थेट त्या दुपारच्या कोर्टात जाऊन उभा राहिलो.

मित्राने चोरलेल्या मोटरसायकलवर मागे बसलो होतो, पकडला गेलो. पोलीस ठाण्यात वय विचारलं तेव्हा सवयीने एकोणीस सांगितलं. बुटीबोरीच्या कंपनीत काम मिळावं म्हणून तेच सांगायचो. त्या एका उत्तराने मी मोठ्यांच्या जेलात जाणार होतो.

कोर्टात मला उभं केलं, तेवढ्यात आई कामठीच्या घरून धापा टाकत आली. पदराआडून टीसी काढून म्हणाली, "साहेब, पोरगं सतराचं आहे."

न्यायाधीशांनी जन्मतारीख दोनदा वाचली. "वय का वाढवलंस?"

"कंपनीत लहान पोराले घेत नाही, साहेब."

आई पुटपुटली, "हे बी कंपनी वाटली काय गा तुले?"

न्यायाधीशांनी मला बाल न्याय मंडळाकडे पाठवलं. तिथे हातकडी नव्हती, सोबतचा पोलीसही साध्या कपड्यांत होता. टेबलापलीकडच्या बाईंनी मला खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आईच्या हमीवर घरी सोडलं.

तेव्हा सगळ्यांसमोर लहान ठरल्याची लाज वाटली होती. आज ते आठवलं की मन हलकं होतं.

त्या दिवशी मंडळातून बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "कॉलेजचा फॉर्म भरशील तवा खरं वय लिहिजो."

लिहिलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच.