छत्रीची हजेरी

"छत्री आली म्हणजे आम्ही आलो."

असं म्हणून आमचे शेजारी मिलच्या हापिसात खुर्चीच्या पाठीला छत्री अडकवत आणि पोहे-जिलबी खायला बाहेर पडत. हेडक्लार्क येऊन बघे. छत्री आहे, म्हणजे माणूसही असणार इथंच कुठंतरी. पाऊस असो नसो, वैशाख असो की पौष, वाकड्या मुठीची ती काळी छत्री आमच्या कापडखात्यात वेळेवर हजर असे. तिचे मालक मात्र जिलबी संपवून येत. तुमच्याही कचेरीत अशी एखादी टोपी किंवा एखादा कोट असेलच, तेव्हा उगाच हसू नका.

इंदूर तेव्हा मध्यभारत नावाच्या राज्यात होतं. संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती, पण ही बातमी आमच्या या शेजाऱ्यांना कुणी नीट सांगितली नसावी. त्यांचे आजोबा दरबारचे मानकरी. एका दसऱ्याला आजोबा तापाने पडले, तर त्यांनी दरबारात आपली पगडी पाठवून दिली. ती त्यांच्या जागेवर ठेवली गेली, तिला अत्तर लावलं गेलं आणि पानाचा विडाही मिळाला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की ते मध्ये खोकले तर पुढचं वाक्य मी सांगत असे.

"पण पगडीने पान खाल्लं कसं?" मी मुद्दाम विचारी.

"रीत असते, भिया," ते शांतपणे म्हणत; इंदुरात भैयाचा भिया होतो. "खाण्याचं काय एवढं? मान पोचला ना, बस!"

तर अशा गृहस्थांवर ले-ऑफ आला.

गोदामात कापडाचे तागे पडून होते, गिऱ्हाईक नव्हतं. एका सकाळी मिलच्या गेटवर हिंदीत नोटीस लागली की आमची पाळी ले-ऑफ. त्याचा अर्थ कुणाला ठाऊक? निम्म्या लोकांना वाटलं नोकरी गेली, निम्म्यांना वाटलं सुट्टी मिळाली. मग युनियनच्या माणसाने स्टुलावर चढून समजावलं. नोकरी शाबूत आहे, फक्त काम नाही. नव्या कायद्याने अर्धा पगार मिळेल. अट एकच, रोज पाळीच्या वेळी प्रत्येकाने गेटवर येऊन हजेरी द्यायची. काम निघालं तर आत जायचं, नाही निघालं तर घरी. जो आला नाही, त्याचा त्या दिवसाचा अर्धा पगार बुडाला.

आम्ही घरी परतत होतो तेव्हा ते रस्ताभर धुमसत होते. "काम न करता पैसे? आणि तेही रस्त्यावर रांग लावून? त्यापेक्षा खजरान्याला गणपतीच्या पायरीशी बसतो. तिथं निदान लाडू तरी मिळेल!"

"अर्धा तर अर्धा," त्यांच्या दारात पोचतो तोच त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या. "पोरीची फी काय लाडवांनी भरणार?"

प्रश्न तो होता. त्यांची एकुलती मुलगी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होती. त्यांच्या घराण्यात मुलीने एवढं शिकण्याची ही पहिलीच वेळ. फी चुकली की ट्रेनिंग संपलं, आणि मग देवासचं एक स्थळ होतंच डोळे लावून. वडील जेवायला बसले की मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले, छत्री घेऊन.

"भिया, तुम्ही चाललाच आहात गेटवर, तर ही घेऊन जा. आमची हजेरी."

मला वाटलं थट्टा करतात. पण नाही, चेहरा दसऱ्याच्या दरबाराचा होता. मी मुकाट्याने छत्री घेतली. गेटवर माझ्या आधी त्यांचं नाव पुकारलं गेलं. मी छत्री वर केली.

गेटबाबू अस्सल माळव्याचा. त्याने चष्मा वर सरकवला. "ये क्या है?"

"बाबूजींची हजेरी."

"छतरी को नौकरी पे रखा था क्या मिल ने?"

सगळी रांग हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? घरी येऊन सांगितलं तर ते म्हणाले, "नवा माणूस आहे. कळेल त्याला हळूहळू." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्री पाठवली. तिसऱ्या दिवशीही, आणि पुढेही रोज. गेटबाबूला काही कळलं नाही. पगाराच्या दिवशी सगळ्यांना अर्धा पगार मिळाला आणि मी त्यांच्या घरी नुसती छत्री परत केली.

वहिनींनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. "आजोबांच्या पगडीला विडा तरी मिळाला होता," त्या म्हणाल्या. "हिला काय मिळालं?"

मुलगी समोरच ताट वाढत होती. त्या दिवशी ते पोळी अर्धी टाकून उठले.

दुसऱ्या सकाळी बघतो तर रांगेत माझ्यापुढे ते! बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, काखेत छत्री. रस्त्याने ओळखीचे लोक जात होते आणि यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्यांची फार दया आली. रांगेत आम्ही सगळेच ओशाळलेले असायचो. नाव पुकारलं की खाली बघून "हाँ" म्हणायचं आणि सटकायचं, मी तर सगळ्यात हळू म्हणत असे. त्यांचं नाव आलं. त्यांनी छत्री जमिनीवर आपटली, गेटबाबूला मुजरा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर आहे!"

गेटबाबू दचकून अर्धा उठला.

परतताना मी म्हटलं, "एवढं ओरडायची काय गरज होती?"

"गरज आहे, भिया. मिल आपण बंद केली का? आपण कामाला तयार आहोत. मग मान खाली घालून का सांगायचं? मागायला गेलं तर खैरात, हजर राहिलं तर हक्क." मग जरा थांबून म्हणाले, "पोहे खाऊ या का?" आणि लगेच, "राहू द्या. फी झाल्यावर."

आठवड्याभरात विणकर मंडळीही थट्टेने "हजर आहे" म्हणू लागली. पुढे थट्टा संपली आणि म्हणणं तेवढं राहिलं. मी एकटा "हाँ"वरच होतो. मला लाजच वाटे.

पौषात त्यांना ताप भरला. तरी कोट मागू लागले, तेव्हा वहिनींनी तो ट्रंकेत घालून कुलूप लावलं. मग त्यांनी मला बोलावलं आणि छत्री पुढे केली.

"अहो, चालत नाही ना ती," मी म्हटलं.

"माहीत आहे. हजेरी नका लावू. जागा तेवढी धरून ठेवा."

मी रांगेत माझ्यापुढे छत्री भिंतीला टेकवून उभी केली. गेटबाबूने नाव पुकारलं, छत्रीकडे पाहिलं. या खेपेला कुणी हसलं नाही. "छतरी से बोल दो भिया, गैरहाजिर लिख रिया हूँ," तो म्हणाला. "बुखार उतरे तो बाबूजी खुद आवें."

हे ऐकून ते उशीवर पडल्या पडल्या मनापासून हसले. "बरोबर केलं त्यानं. रीत असते."

त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. शेवटची फी मात्र त्याआधीच भरून झाली होती.

नंतर मिल सुरू झाली, मध्यभारतही गेला. माझ्या मुलीचं नाव घालायला मी आमच्या भागातल्या मराठी शाळेत गेलो. वर्गाच्या दारातून पाहिलं तर खुर्चीच्या पाठीला वाकड्या मुठीची काळी छत्री. बाई हजेरी घेत होत्या. एका नावावर कुणीच बोललं नाही, तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "बाई, ती येतेच आहे. तिचं दप्तर आलंय."

"दप्तर चालत नाही," बाई म्हणाल्या. "ती स्वतः आली पाहिजे."

मला हसू आलं आणि त्यासरशी डोळेही भरून आले. बाईंनी वळून पाहिलं. "अय्या, काका! तुम्ही?"

मी मान वर केली आणि म्हटलं, "हजर आहे."