बुधाजीचं वज्रासन

हेंद्रेपाड्यात सध्या एकच बातमी शिजतेय: बुधाजीने पोरीच्या हळदीत मार खाल्ला आणि गुडघे टेकून माफी मागितली. साफ खोटं. मार खाल्ला, तेवढं खरं. बाकीचं मला विचारा, माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती.

आधी माणूस समजून घ्या. आमची नि त्याची भिंत एकच. पार्किंगच्या भांडणात याने एका रिक्षावाल्याचा जबडा मोडलाय. सख्ख्या भावाच्या लग्नात ढोलवाल्याच्या डोक्यात त्याचाच ढोल फोडलाय. म्हणून त्याच्या पोरीचं, जिज्ञासाचं लग्न ठरताना व्याही स्पष्टच बोलला, "तुमचा हात उठला, की लग्न मोडलं."

जनीवहिनींनी मग नवऱ्याला स्टेशनजवळच्या उन्नतीबाईंच्या योगवर्गात ढकललं. तिथे शवासनात शेजारचा घोरला, तर याने त्यालाच लाथ घातली! उन्नतीबाई डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, राग आला की वज्रासन. टाचांवर बसायचं, हात मांडीवर. श्वास घ्याल त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा."

रोज सकाळी भिंतीपलीकडून फुत्कार यायला लागले. मला वाटलं, यांचा कुकर बिघडला. पण हळूहळू भांडी आपटल्याचे आवाज बंद झाले, हेही खरं.

हळदीच्या दुपारी नवऱ्यामुलाचा मामा, कैलास, उष्टी हळद घेऊन आला. मानाचा नारळ हातात पडायला जरा उशीर झाला, तेवढ्यावर पेटला. "भिकारी समजता काय आम्हाला?" म्हणत त्याने खुर्ची उचलली नि बुधाजीच्या टाळक्यात घातली. रक्ताची धार भुवईवरून थेट हळदीच्या ताटात. बुधाजीने नारळाचा कोयता उचलला. बाया किंचाळत पळाल्या. पाटावरून जिज्ञासा ओरडली,

"बाबा, टाचा!"

कोयता खाली पडला. बुधाजी तिथेच टाचांवर बसला, डोळे मिटले आणि लांब फुत्कार सोडत राहिला. ओठांवरून रक्त उडत होतं. कैलासची खुर्ची पुन्हा वर गेली होती, ती तशीच राहिली. आपल्यात गुडघ्यावर आलेल्याला कोणी मारत नाही. त्याला वाटलं, हा माफी मागतोय. फुशारून त्याने खुर्ची खाली ठेवली. नवं ताट आलं, पोरीला हळद लागली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी मुद्दाम छेडलं, "काय बुधाजीशेठ, माफी मागितलीत म्हणे?"

डोक्यावरचे टाके चाचपत तो म्हणाला, "मी टाचांवर बसलू, म्हनून कैलासची मान जाग्यावर हाय. तू खुर्चीखाली कनचा आसन करत व्हतास, ता सांग पयलं."